तहकूब सभेला कोरम लागत नाही

पुण्यात राहून चार वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलाने विचारलंय: "काका, आमदार आख्ख्या पक्षासकट इकडून तिकडे जातात. मतदानाच्या आदल्या रात्री घरोघरी पाकिटं पोचतात. गावात जातीवरून एकमेकांशी बोलणं बंद झालंय. तुम्ही आयुष्यभर पंचायतीत काम केलं. खरं सांगा, हा देश संपला का? आणि संपला असेल तर मी अभ्यास कशासाठी करतोय?"

पोरा, देशाचं मला कळत नाही. एका तालुक्याचं कळतं. १९८७ साली ग्रामसेवक म्हणून लागलो, शेवटची नऊ वर्षं पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, २०२१ ला निवृत्त झालो. सात-आठ गावांची दप्तरं स्वतः लिहिली आणि पुढे पन्नासेक गावांची तपासली. तेवढ्या भांडवलावर उत्तर देतो. टीव्हीवरच्या चर्चेत जे कळतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

"हा देश काही आता राहत नाही," हे वाक्य मी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून ऐकलं. बहात्तरचा दुष्काळ, मी नऊ वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना पदरात सुकडी, म्हणजे तिथे वाटलेला कोरडा आहार, बांधून आणायची. घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी असायची, ती घशाखाली उतरायची नाही. बैल छावणीत. वडील ओट्यावर बसून तेच वाक्य रोज म्हणायचे, आणि त्यांना खोटं ठरवण्यासारखं काही आमच्या घरात नव्हतं.

त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे रोजगार हमीची कल्पना पुढे रेटत होते. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. १९७७ साली त्याचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून आमच्या तालुक्यातला पाझर तलाव झाला, हे आज कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघत राहील. पुढे २००५ साली तीच कल्पना देशाचा कायदा झाली.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे असते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ज्या म्हाताऱ्याचा मृत्यू मी स्वतःच्या हाताने नोंदवला, तो तीन महिन्यांनी रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चौदा दिवस माती वाहताना मला सापडला. अंगठाही होता. योजना सोन्यासारखी होती आणि त्याच योजनेत मेलेली माणसं राबत होती. म्हणून "पूर्वी चांगलं होतं" आणि "पूर्वीपासून असंच आहे" ही दोन्ही वाक्यं कानावर आली की मला त्या मस्टरची आठवण येते. दोन्हींपैकी एकही त्या कागदावर बसत नाही.

आता माझ्यावर येतो, कारण इतरांची धुणी धुण्याआधी ते बरं.

ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. वर्षातून किमान चार घ्यायच्या. कोरम म्हणजे गणपूर्ती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, फक्त नवा विषय घेता येत नाही. कायदा करणाऱ्याने हे चांगल्या हेतूने ठेवलं असणार, लोक आले नाहीत म्हणून गावाचं काम अडू नये. आम्ही काय केलं? पहिली सभा मुद्दाम सुगीत, भर दुपारी लावायची. ती तहकूब होणारच. मग पुढच्या आठवड्यात सरपंच, शिपाई, दोन सदस्य आणि मी, एवढ्यांत लाखांचे ठराव मंजूर करायचे.

हा झाला त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. याहून सोपा एक होता. शिपायाने वही घेऊन घरोघर जायचं, "सही करा, सभेची आहे," म्हणायचं, शंभर सह्या झाल्या की वही माझ्याकडे. मी रात्री जेवण झाल्यावर प्रोसिडिंग बुक उघडायचो आणि न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे. साहेब लोक दप्तर तपासणीत कौतुक करायचे.

तू ज्याला राजकीय अधःपतन म्हणतोस ते माझ्या घरी चाळीसच्या बल्बखाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं गेलंय. त्यात कुणी राक्षस नव्हता. सरपंचाला घाई होती, मला बदली नको होती, गावाला सही करून मोकळं व्हायचं होतं.

२००७ साली त्याला खीळ बसली. एका गावात बचत गटाची अध्यक्ष असलेली बाई होती, सातवी शिकलेली. तिच्या मुलाने माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला, पानाला दोन रुपये भरून वर्षभराच्या इतिवृत्ताच्या नकला घेतल्या. पुढच्या सभेत ती उभी राहिली. त्या सभेला माणसं खरोखर आली होती, कारण नळाचं पाणी आठ दिवस नव्हतं. तिने नक्कल वर धरली आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, एक मेला मी माहेरी होते, भावाचं लग्न होतं. मग ही माझी सही कुणी केली?"

मी खाली बघितलं. मग ती वाचायला लागली, सावकाश, एकेक शब्दावर बोट ठेवून. गटाराचं एकच काम दोन ठरावांत दोन वेगळ्या नावांनी आलं होतं. दोन्हींची बिलं निघाली होती. गटार एकच होतं, तेही अर्धं.

चौकशी झाली. वसुली निघाली, अशी वसुली निम्मी सरपंचावर आणि निम्मी ग्रामसेवकावर लागते. माझी एक वेतनवाढ रोखली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं मी त्या बाईच्या गल्लीतून गाडी नेली नाही. पण त्या गावात नंतर मला घरी बसून सभा लिहिता आली नाही. माझ्या जागी जो आला त्यालाही नाही.

चौकशीच्या दिवसांत त्या कामाचा ठेकेदार मला चहाला घेऊन गेला आणि म्हणाला, "काय मनाला लावून घेता भाऊसाहेब, वरपासून खालपर्यंत सगळेच चोर आहेत." हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं. पण ज्याचं बिल अडकलंय, ज्याची टक्केवारी ठरलीय, त्याच्याकडून जितक्या समाधानाने ऐकलं तितकं गरिबाकडून कधी ऐकलं नाही. सगळेच चोर असले की कुठल्या एका चोराचं नाव घ्यायची गरज उरत नाही. तुझ्या प्रश्नात मला तो ठेकेदार थोडासा ऐकू आला. रागावू नकोस. तू चोरी करत नाहीस, पण वाक्य त्याचं आहे.

म्हणजे सगळं ठीक चाललंय असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. काही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत खाली गेल्या आणि त्या कुणी "हे तर नेहमीचंच" म्हणून उडवून लावल्या की माझं डोकं फिरतं.

२०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता, देवळाच्या नावाने. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. गावोगाव "बिनविरोध"ची पाटी लागते आणि आपण कौतुक करतो. भांडण नको म्हणून बिनविरोध होणं वेगळं आणि बोली लावून होणं वेगळं. मी सेवेत होतो तेव्हा लहान प्रमाणात हे आमच्याकडेही घडायचं. देवळाला कळस, तालमीला लोखंड, असं चालायचं, आणि आम्ही ते "गावाचा समजूतदारपणा" म्हणून अहवालात लिहायचो. आकडा कोटीत गेल्यावर त्याला लिलाव म्हणतात एवढंच.

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण सरपंच या माणसाबरोबर मी चौतीस वर्षं काढली आहेत. सरपंच पैसे खातो, सरपंच मिरवतो, सरपंच रात्री दोनला गावातल्या बाळंतिणीसाठी गाडी काढतो, हे सगळं बघितलं. सरपंचाला उचलून नेऊन मारतात हे बघितलं नव्हतं. त्यानंतर बीडमध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव न लावता फक्त नाव लावायचं ठरलं. खाकी वर्दीतल्या माणसाचंही आडनाव आधी वाचलं जातं, याची ती सरकारी कबुलीच म्हणायची.

जातीचं तू लिहिलंस. माझ्या जुन्या गावांपैकी एका गावात परवा गेलो होतो. स्टँडवर पूर्वी एकच हॉटेल होतं, आता समोरासमोर दोन. मी सवयीने जुन्यात शिरलो तर एकाने हळूच सांगितलं, "आण्णा, तुमचं त्या बाजूला." आरक्षणाच्या आंदोलनानंतर गावाने चहा वाटून घेतलाय. मला चहा गेला नाही.

पण त्याच जुन्या हॉटेलात १९८८ साली मी काय बघितलं होतं तेही सांगितलं पाहिजे. छपराच्या वळचणीला दोन कपबश्या खोचून ठेवलेल्या असायच्या. महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस आला की त्याने त्या काढायच्या, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, धुवून परत खोचायच्या. गाव तेव्हा फार शांत होतं. आज त्या गावातले म्हातारे ज्या एकोप्याच्या आठवणी काढतात तो हाच काळ. त्या कपबश्या आता नाहीत. कुणी, केव्हा काढल्या, मला माहीत नाही, तशी नोंद कुठल्याच दप्तरात नसते. आजची दोन हॉटेलं वाईटच आहेत. पण उतरण मोजायची तर सुरुवातीची खूण कुठे ठोकायची, हे आधी त्या कपबश्या धुणाऱ्यांना विचारावं लागेल.

बायकांच्या राखीव जागांचंही तसंच. त्र्याण्णवच्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या, आपल्याकडे २०११ पासून निम्म्या. सुरुवातीला मी सहीसाठी रजिस्टर सरपंचबाईंच्या घरी न्यायचो आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात असायचा. आजही पुष्कळ ठिकाणी असतोच. पण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. दोन आठवड्यांच्या आत सरकारने इतर गावांनी कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाने रूढी मरत नाही, एवढं मला कळतं. पण उद्या तिरडीपाशी एखाद्या बाईने "ग्रामसभेचा ठराव आहे," असं म्हटलं, तर दिराला क्षणभर थांबावं लागतं. तेवढ्यासाठीच तर कागद असतो. ज्या संस्थेचं इतिवृत्त मी घरी बसून लिहायचो त्याच संस्थेत हे घडलं, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त चीड आहे, आणि ज्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, ते सांगतो. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय, पंचायत आणि नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. तू अभ्यासात २४३ ई आणि २४३ यू ही कलमं पाठ केली असशील. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, मुंबई महापालिकेचीही. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे घोळ, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तेव्हा कुठे हालचाल झाली. मुंबईत २०१७ च्या फेब्रुवारीनंतर महापालिकेचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक.

याने काय होतं ते कागदावर दिसत नाही, म्हणून सांगतो. मी पंचायत समितीत असताना सोमवारी ऑफिसला बाजार भरायचा. कुणाची विहीर अडलेली, कुणाचं घरकुल. बरोबर गणातला, म्हणजे त्या भागातून पंचायत समितीवर निवडून आलेला, सदस्य असायचा, बहुतेक वेळा कमी शिकलेला, थोडा दांडगट, टेबलावर हात आपटणारा. आम्हाला तो नकोसा वाटायचा. पण तो त्या माणसाच्या गल्लीतला असायचा आणि पाच वर्षांनी त्याला त्याच दारात जायचं असायचं. सदस्य गेला आणि खुर्चीवर प्रशासक बसला, साहेब हुशार, स्वच्छसुद्धा. पण विहिरीवाला आता कुणाला घेऊन येणार? तो आमदाराच्या माणसाकडे जातो. गावची गटारं, शाळेची खोली, ट्रान्सफॉर्मर, सगळं एका आमदाराच्या कार्यालयातून जायला लागतं. एका माणसाच्या हातात तालुक्याच्या सगळ्या नाड्या आल्या की त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की गिऱ्हाईक येतं. मग तो पक्षासकट इकडून तिकडे गेला की तू मोबाईलवर बघून हळहळतोस. फोडाफोड आपल्याला नवी नाही, १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार असंच पडलं होतं. पण खालची सगळी सभागृहं रिकामी असताना वरचा एकच माणूस फुटणं, याचा गावावर होणारा परिणाम वेगळा असतो. तालुक्याच्या ठिकाणी तीन वर्षं पंचायत समितीच्या सभागृहाला कुलूप होतं. मी रोज फिरायला जाताना बघायचो. त्यावर एकही मोर्चा आला नाही. पुतळ्यावरून, स्टेटसवरून गाव बंद झालं, यावरून कधी नाही.

तेव्हा माझ्या मते माणसं बिघडली नाहीत. निदान माझ्या तरुणपणी होती त्याहून जास्त नाहीत. जिथे बसून समोरासमोर विचारता येतं त्या जागा एकेक करून ओस पडल्या. काही वरून बंद केल्या, काही माझ्यासारख्यांनी वहीत गुंडाळून टाकल्या. ओस जागेत जात शिरते, पैसा शिरतो. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, १९९५ नंतरचं सर्वाधिक. पाकिटं वाटली असतील, मान्य. तरी देश संपला असं मानणारी माणसं भर दिवसा रांगेत एवढा वेळ उभी राहतात का, याचाही विचार कर.

तुझा अभ्यास. तू बाहेर गेलास, कॅनडाला, बंगलोरला, तरी मी नाव ठेवणार नाही. माझी मुलगी हैदराबादला आहे आणि सुखात आहे. चार वर्षं झाली असतील तर आणखी किती द्यायची याचा हिशोब घरच्यांबरोबर बसून कर, त्यात देशाला आणू नकोस. परीक्षा पास झालास तरी देश सुधारणार नाहीस आणि नापास झालास म्हणून देश बुडालेला नाही. एक विचारतो, या चार वर्षांत तू स्वतःच्या गावच्या एका तरी ग्रामसभेला गेलास का? तुझ्या गावाला वित्त आयोगाचे किती पैसे आले आणि कशावर गेले, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलमध्ये दिसतं. बातम्यांत जातो त्याच्या दहाव्या हिश्शाने वेळ लागेल. काही काळंबेरं दिसलं तर इतिवृत्ताची नक्कल माग. पानाला अजून दोनच रुपये आहेत. नक्कल हातात आली की पहिल्यांदा घरच्यांच्या सह्या शोध.

मी आता आमच्या गावात साधा मतदार आहे. गेल्या सभेसाठी मी एक विषय लेखी दिला होता. आमच्याकडे स्मशानभूमी दोन आहेत, कुणाची कुठली हे तुला सांगायला नको. वरच्या स्मशानभूमीला डांबरी रस्ता आणि पत्र्याची शेड. खालच्या बाजूच्या लोकांना पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून तिरडी न्यावी लागते. विषय क्रमांक ४, खालच्या स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता. सभेला एकतीस माणसं आली, कोरम शंभरचा. पारावर सत्तर-ऐंशी तरी बसली होती, बोलावलं तर आली नाहीत. ग्रामसेवक, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तरुण मुलगा आहे. त्याने घड्याळ बघितलं, नियमाप्रमाणे वाट बघितली आणि सभा तहकूब केली. ती येत्या शुक्रवारी सकाळी दहाला आहे. नवा विषय घेता येणार नाही, पण जुना काढताही येत नाही, विषय चार तिथेच आहे. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. खालच्या आळीतली पंधरा-वीस माणसं यायचं म्हणालीत.